गरम हवेची मूठ

त्या छोट्या विमानतळावर मामांना मामा म्हणण्याचा खरा हक्क एकटीचाच होता. बाकीचे सगळे उसने भाचे. विद्यार्थी, शिकवणारे, फाटकावरचा पहारेकरी, पेट्रोलची टाकी घेऊन येणारा ड्रायव्हर, इतकेच काय, वर्षाकाठी तपासणीला येणारे साहेबसुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत "मामा, जरा इकडे बघता का" असे म्हणू लागत. खरी भाची एकच, ठकी. ते नावही मामांनीच ठेवलेले. तान्ही असताना ती रडत नसे. लाकडी बाहुलीसारखी डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत पडे, म्हणून ठकी.

तिचे वडील ती चालायला लागण्याआधीच गेले. मामांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, मुलीला कडेवर घेऊन भावाच्या घरी आली ती कायमचीच. घर म्हणजे विमाने ठेवण्याच्या शेडमागच्या तीन खोल्या. अक्का काही दिवस रडली, मग उठून फ्लाइंग क्लबच्या कचेरीत कामाला लागली. विमानांच्या किल्ल्या, विद्यार्थ्यांच्या वेळा आणि टेबलावरचा रेडिओ हे तिचे राज्य झाले. ठकी मात्र वाढली शेडमध्ये, विमानाच्या पंखाखाली. पडली, खरचटले, बोट चेमटले, की रडत आईकडे न जाता तोंड मिटून मामांकडे येई आणि दुखरा भाग त्यांच्यापुढे धरी. मामा तो इंजिनाचा सुटा भाग असल्यासारखा उलटसुलट करून बघत आणि "चालेल" म्हणत. तेवढ्यावर तिचे दुखणे थांबे.

मामांचे वय साठीकडे झुकलेले, चण बारीक, कपाळावर कायमची आठी. लग्न का केले नाही असे कोणी विचारलेच, तर "वेळ झाला नाही" एवढेच उत्तर मिळे, जणू दाढी करायची राहून गेली होती. क्लबकडे दोन आसनांची दोन जुनी विमाने होती आणि त्या दोन्हींच्या इंजिनांवर मामांची सत्ता होती. इंजिन सुरू झाले की ते डोळे मिटून उभे राहत. सगळे ठीक असले तर चेहरा निर्विकार असे. ठीक नसले तरी चेहरा निर्विकारच असे, पण हात कमरेवर जात. आणि मामांचे हात कमरेवर गेलेले दिसले की आत बसलेला विद्यार्थी आपण होऊन इंजिन बंद करी.

मामा पहिल्यांदा तिथे आले तेव्हा धावपट्टीच्या चहूकडे नुसता फुफाटा होता. वारा सुटला की शेडचे दार दिसत नसे. जेवताना दाताखाली धूळ, उशीवर धूळ, आणि इंजिनातही धूळ. इंजिन हवा पिते ती गाळणीतून, त्यामुळे एरवी फारसे बिघडत नसे. पण त्या इंजिनांना हवेची आणखी एक वाट असते. चालकापुढच्या फळीवर एक मूठ असते. ती बाहेर ओढली की धुराच्या तापलेल्या नळीभोवतालची गरम हवा थेट इंजिनात येते. ही वाट गाळणीला वळसा घालून जाते. म्हणजे गरम हवेबरोबर धूळही न गाळता आत. पहिल्याच वर्षी मामांनी एक इंजिन उघडले, तर सिलिंडर आतून कानशीने घासावा तसा झालेला. त्यांनी त्यावरून बोट फिरवले आणि त्या संध्याकाळी सगळ्या वैमानिकांना शेडमध्ये उभे करून कायदा सांगितला. गरम हवेच्या मुठीला हात लावायचा नाही. अगदीच चैन पडेना, तर उंचावर असताना घटकाभर ओढून बघा. ओढल्यावर इंजिन खोकले तर समजा त्याला ती हवा मानवत नाही, आणि मूठ तत्काळ आत ढकला. दोन्ही विमानांतल्या त्या मुठींवर त्यांनी लाल चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी फाटलेली दिसली की ज्याने कोणी फाडली असेल त्याची कंबख्ती भरे.

ती मूठ मुळात कशासाठी असते, हे मामांना ठाऊक नव्हते असे नाही. हातावर स्पिरिट लावले की ते उडून जाताना कातडी गार पडते. पेट्रोलचेही तसेच. इंजिनाच्या घशात, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत, पेट्रोल हवेत मिसळताना उडू लागते आणि तो घसा इतका गारठतो, की हवेत दमटपणा असेल तर आतल्या आत हिम धरते. बाहेर माणूस सदऱ्याची बाही दुमडून फिरत असला तरी आत हिम. घसा चोंदत जातो, इंजिन गुदमरते. मूठ ओढून गरम हवा दिली की ते हिम वितळते. वितळलेले पाणी इंजिनाच्या पोटातून जाताना ते काही वेळ भयंकर खोकते, धडधडते, आता गेलेच असे वाटते. पण तेवढा वेळ मूठ धरून ठेवली की मोकळे होते. मामा परीक्षेत हे लिहूनच पास झाले होते. "पण त्याला हवेत पाणी लागतं," ते म्हणत. "इथं माणसाच्या अंगावर घाम टिकत नाही, तर बर्फ कुठून टिकणार?"

त्यांनी हे म्हटले तेव्हा ते खरे होते.

नंतर पलीकडच्या टेकड्यांमागे धरण झाले. कालवे आले. फुफाट्याच्या जागी शेते आली, झाडी आली, पहाटे धावपट्टीवर धुके उतरू लागले. मामा दर महिन्याला इंजिनाच्या गाळण्या काढून झटकत. त्या वर्षागणिक स्वच्छ निघू लागल्या. एकदा तर त्यांनी गाळणी हातात धरून अक्काला खिडकीतून दाखवली. "बघ. याला म्हणतात शिस्त. मूठ कोणी ओढत नाही, म्हणून आतबाहेर सगळं कसं लख्ख." धूळच उरलेली नाही म्हणून गाळणी स्वच्छ आहे, आणि धुळीच्या जागी हवेत आता दुसरेच काही आले आहे, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. आपल्या कायद्याला यश आले एवढेच त्यांना दिसले.

वैमानिक अधूनमधून तक्रार करीत. उतरताना इंजिन जड वाटते, मध्येच दम खाते. मामा इंजिन उघडत. आत सारे कोरडे, निर्दोष. हिमाचा पुरावा जमिनीवर येईपर्यंत टिकत नाही. "इंजिन जड नाही," मामा सुनावत, "तुझा हात जड आहे." क्लबचे मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सर म्हणत, त्यांनी दोनदा हा विषय काढून पाहिला आणि मामांचे हात कमरेवर गेलेले पाहून सोडून दिला. मात्र विद्यार्थ्यांना घेऊन वर गेल्यावर ते हळूच सांगत, "उतरताना मूठ ओढत जा. मामांना सांगू नका, पट्टी नीट चिकटवून ठेवा." ठकी विमान शिकू लागली तेव्हा त्यांनी तिलाही हेच सांगितले. तिने हात विमानाच्या दांडीवरच ठेवले आणि म्हणाली, "सर, हे खाली उतरून मामाच्या तोंडावर सांगा, मग मी ओढते." सरांनी सांगितले नाही. तिने ओढली नाही.

परवान्याआधीचे तिचे शेवटचे लांबचे एकटीचे उड्डाण होते तो दिवस असा: ढग खाली आलेले, पाऊस नाही, थंडी नाही, वारा नाही; कपडे वाळत नाहीत अशी हवा. सर तापाने घरी पडून होते. निघताना ठकीने मामांना विचारले, "काही सांगायचंय?"

"इंजिन मी बघितलंय. तू रस्ता बघ."

"म्हणजे मी चांगली चालवते असं म्हणायचंय का तुला?"

"पेट्रोल बघितलंस का?"

"बघितलं."

"मग इथं का उभी आहेस?"

ती हसून गेली. जाणे सुखरूप झाले. दुसऱ्या विमानतळावरून परत निघाल्याचा फोनही आला. मामा शेडमध्ये दुसऱ्या विमानाचे चाक काढून बसले होते, तेव्हा कचेरीच्या खिडकीतून अक्काने हाक मारली. हाक साधीच होती, पण तिने नेहमीसारखे "चहा झालाय" असे पुढे जोडले नाही. मामा हात न पुसताच उठले.

रेडिओतून ठकीचा आवाज येत होता. "क्लब, ऐकू येतंय का? इंजिनाचे फेरे कमी झालेत. मी कशाला हात लावला नाहीये, आपोआप झालेत."

"येतंय गं, बोल," अक्का म्हणाली.

"क्लब, ऐकू येतंय का?"

क्लबचा रेडिओ जुना झाला होता. दूरचे बोलणे त्याला ऐकू येई, पण त्याचे स्वतःचे बोलणे टेकड्यांपलीकडे पोचत नसे. नवा घ्यायचे वर्षभर चालले होते. अक्काने पुन्हा दोनदा बटण दाबून हाक दिली. मग तिसरा आवाज आला, घोगरा.

"क्लब, मी कप्तान. तिला तुमचं ऐकू जात नाहीये. मी मध्ये हवेत आहे, मला दोघांचंही येतंय. काय सांगायचं ते मला सांगा."

कप्तान म्हणजे पिकांवर औषध फवारणारे विमान चालवणारा. क्लबमध्येच शिकलेला, चाळिशी उलटलेला, मामांच्या शिव्या खाऊन मोठा झालेला माणूस. मामांनी अक्काच्या हातून माइक घेतला.

"तिला म्हणावं पेट्रोलची चावी दुसऱ्या टाकीवर फिरव."

कप्तानाने सांगितले. ठकीने फिरवली. फरक नाही.

"ठिणगीची कळ बघ म्हणावं, एकेक करून."

बघितली. फरक नाही. "फेरे अजून उतरतायत," ठकीचा आवाज आला. भीती नव्हती त्यात अजून. शाळेत धडा वाचावा तसा आवाज. "उंची जातेय. खाली झाडी आहे, पुढे धरण. मोकळी जागा दिसत नाही."

मामा माइक धरून उभे राहिले. टाकी नाही, ठिणगी नाही. पेट्रोल त्यांनी स्वतः गाळून भरलेले. ते इंजिन त्यांना पाठ होते. त्यात बिघडण्यासारखे काही नव्हते, आणि ते बिघडत होते. त्यांची नजर टेबलावर फिरली. अक्काचा पाण्याचा पेला तिथे होता, थंड पाण्याचा. पेल्याच्या बाहेरच्या अंगाला दव दाटले होते. थेंब ओघळून खालच्या कागदावर ओले वर्तुळ उमटले होते. किती वर्षे तो पेला तिथे रोज असाच ओला होत असेल, देव जाणे. मामांनी त्यावर बोट ठेवले. बोट ओले झाले.

"कप्तान," ते ओरडले, "गरम हवा! मूठ ओढायला सांग. पूर्ण ओढायची आणि सोडायची नाही!"

कप्तानाने सांगितले. ठकीचे उत्तर लगेच आले. "ओढली होती मघाशी. इंजिन जास्तच बिघडलं, खोकायला लागलं. परत ढकलली. खोकलं तर ढकलायची."

ती मामांचेच वाक्य बोलत होती, मामांच्याच लयीत.

"तिला सांग, मी सांगतोय! मामा सांगतोय!"

"पोरी, मामा स्वतः सांगतायत. ओढ आणि धरून ठेव. खोकलं तरी."

रेडिओत थोडी खरखर झाली. "कप्तानकाका, हे तुमचं म्हणणं आहे. तुम्ही सगळे मागून हेच म्हणता. त्याला नका मध्ये घालू."

अक्काने टेबलाची कड घट्ट धरली. जे वाक्य मामांनी आयुष्यात कोणालाही ऐकवले नव्हते, ते त्यांनी एका फटक्यात बोलून टाकले. "तिला सांग, मामा चुकला. म्हणावं, मामा स्वतःच्या तोंडानं म्हणतोय की मामा चुकला."

कप्तानाने ते जसेच्या तसे पुढे सांगितले.

"काका," ठकी म्हणाली, आणि आता तिचा आवाज चिडलेला होता, "आता तर मला खात्रीच झाली. मामा असं म्हणणारच नाही. मला निदान नीट विचार तरी करू द्या."

मामांनी माइक खाली केला. आपण चुकलो हे सांगितले, तर ते आपण सांगतो आहोत यावर पोरीचा विश्वास बसत नाही. नाही सांगितले, तर ती मरते. यातून वाट कशी काढायची हे त्यांना सुचेना.

कप्तान घाईघाईने बोलू लागला. "मामा, आता लपवून उपयोग नाही. आम्ही सगळेच ओढतो. मी, सर, सगळी पोरं. पहिल्यापासून. तुमच्यासमोर तेवढं ओढत नाही, आणि पट्टी परत चिकटवून ठेवतो. ती एकटीच ओढत नाही. म्हणून तिला वाटतंय मी पुन्हा तेच..."

अक्काने भावाकडे पाहिले. रागाने नाही, ती फक्त पाहत राहिली. "म्हणजे तुझं ऐकणारी ती एकटीच होती," ती म्हणाली.

ज्यांनी ज्यांनी मामांचा शब्द मोडला, ते सगळे रोज सुखरूप उतरत होते, हसत होते, "मामा, इंजिन छान चालतंय" म्हणत होते. ज्या एकीने तो शब्द पाळला, तिच्या विमानाखाली आता झाडी होती.

"झाडं जवळ आलीत," ठकीचा आवाज आला. आता त्यात धडा वाचणे नव्हते. "मामा, तू ऐकत असशील तर... माझ्याकडून काय राहिलं ते कळत नाहीये. मी सगळं तू सांगितलं तसंच केलं."

मामांनी माइक पुन्हा उचलला. ठकीवर मनापासून चिडले की ते तिला 'अहो' म्हणत. लहानपणी तिने नळाखाली पिस्टन धुवायला घेतला होता तेव्हापासून. त्यांचा आवाज फाटला, पण शब्द जुन्याच वळणाचे निघाले. "कप्तान, मी बोलतो तसंच्या तसं बोल. एक शब्द बदलू नकोस. म्हणावं, अहो बाईसाहेब, फार शहाण्या झालात? ओढा म्हटलं की ओढायची! खोकलं म्हणून सोडून द्यायला ते काय तुमचं तान्हं बाळ आहे? खोकू दे, फुटू दे, आग लागू दे, मूठ सोडलीत तर खाली आल्यावर शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही! बोल!"

कप्तान बोलला. त्याला तो सूर नीट साधला नाही, 'बाईसाहेब' म्हणताना तो अडखळला. पण शब्द पोचले.

खरखर. मग ठकीचे बोलणे, रडल्यासारखे आणि हसल्यासारखे. "हां. हा मामा." आणि लगेच, "ओढली."

त्यापुढचे मामा नुसते ऐकत होते. तिने बटण दाबून धरलेले असावे, कारण तिच्या बोलण्यामागे इंजिन ऐकू येत होते: अडखळणारे, खाकरणारे, लोखंडाच्या पिंपात दगड हलवावेत तसे. ती म्हणत होती, "खोकतंय मामा, फार खोकतंय, सगळं थरथरतंय, पंखा दिसतोय मला, एकेक पातं दिसतंय..." आणि मामा त्या बंद खोलीत, तिला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असताना, म्हणत होते, "धरून ठेव, धर गं, धर, आत्ता सुटेल, धर." अक्का कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मग आवाज बदलला. इंजिनाने एक मोठा दम घेतला आणि ते चालू लागले: सलग, भरदार, जसे मामांच्या हाताखाली चालत असे तसे. मामांनी सवयीने डोळे मिटले. तेवढ्यात ठकी म्हणाली, "झाडं गेली..." आणि रेडिओ गप्प झाला.

अक्काने वळून विचारले, "गेली म्हणजे?"

ते कोणालाच ठाऊक नव्हते. कप्तानाने टेकडीला वळसा घालायला वेळ घेतला. तो दिसेल ते मोठ्याने सांगत होता: कालवा, झाडी, पाणी, पाणी. "दिसलं. धरणाच्या कडेला, चिखलात. नाक खाली गेलंय, एक पंख तुटलाय. माणसं पळतायत तिकडे."

"आणि ती?"

"उंचावरून कळत नाही, मामा."

ते क्लबच्या गाडीतून निघाले. पहारेकरी गाडी चालवत होता आणि भाऊबहीण मागच्या बाकावर शेजारी बसली होती. वाटेत कालव्याचे पूल लागले, हिरवी शेते लागली, ओली हवा खिडकीतून तोंडावर येत राहिली. बऱ्याच वेळाने अक्का म्हणाली, "बर्फ? आत्ता? अशा दिवसांत?"

"इंजिनाच्या आत धरतं. बाहेर थंडी लागत नाही."

"हे तुला माहीत होतं?"

मामांनी खिडकीकडे पाहिले. "होतं."

तिने पुढे काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

धरणाच्या कडेला मासे धरणारी माणसे आणि पाण्याच्या दारांवर काम करणारी माणसे जमली होती. त्यांनी ठकीला बाहेर काढून फळीवर ठेवले होते. उजवा पाय मांडीत मोडला होता, कपाळ फुटले होते, डोळे उघडे होते. एक म्हातारा अक्काला सांगत होता, "आई, पोरगी फार चिवट. आतली एक मूठ धरून बसली होती, सोडेचना. बोटं एकेक करून उघडावी लागली." मामांनी विमानाकडे पाहिलेही नाही. एव्हाना इंजिनाच्या घशात काही उरलेले नसणार, हे त्यांना कळत होते. उद्या साहेब येतील, उघडतील, कोरडे आणि निर्दोष आहे असे म्हणतील. मामांनी इतकी वर्षे म्हटले तसेच.

इस्पितळात पाय बांधून झाला, कपाळाला टाके पडले. डॉक्टर म्हणाले की जीवावरचे पायावर निभावले, पण पाय पूर्वीसारखा होईल असे आत्ताच सांगता येणार नाही. आणि विमानाचे तर आत्ता बोलूच नका. संध्याकाळच्या उजेडात ठकी उशाशी बसलेल्या मामांशी बोलू लागली. औषधाने तिची जीभ जड झाली होती, पण डोळे तसेच टक्क.

"मध्येच एकदा नीट चाललं, मामा. एकदम छान. तेवढ्यात झाडं खालून गेली. मला वाटलं, आलं हातात. मग पुन्हा बंद पडलं."

"हो. ऐकलं मी. सगळं हिम वितळायला तेवढी ऊब उरली नव्हती."

"थोडी आधी ओढली असती तर?"

मामांनी तिचे पांघरूण सारखे केले.

"किती आधी ओढायला हवी होती? फेरे उतरायला लागले तेव्हाच? की आधीपासूनच अधूनमधून ओढायची? तू नीट सांग, म्हणजे पुढच्या वेळी..."

"मला विचारू नकोस," मामा म्हणाले. "कप्तानाला विचार. सरांना विचार. ते ओढत आलेत."

ठकी त्यांच्याकडे बघत राहिली. काही तरी तिच्या मनात हळूहळू जुळत गेले असावे, तिने ओठ ओले केले आणि विचारले, "ते कप्तानकाका म्हणाले... चुकला म्हणून. ते खरंच तू म्हणालास?"

खोटे बोलायला ती एक जागा होती. कप्तानाने आपल्या मनाने म्हटले, असे सांगितले असते तर पोरीला ते पटले असते. तिला तेच पटायला हवे होते. अक्का पायथ्याशी उभी राहून भावाकडे बघत होती.

"हो," मामा म्हणाले. "मीच म्हणालो. आणि ते आज नाही, फार आधी म्हणायला हवं होतं."

ठकीने मान भिंतीकडे वळवली. बाहेरच्या ओसरीतून चाकांची खुर्ची कुरकुरत गेली. मग ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "आई, पाय फार दुखतोय गं. कोणाला तरी बोलाव ना."

अक्का लगबगीने नर्सला आणायला गेली. मामा उशाशीच बसून होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर पोरीला दुखत होते, आणि तिने त्यांना सांगितले नव्हते.